पाठ टेकली म्हणजे संपलं नाही

रज्जाक, तुझ्या मय्यतीला पब्लिक कुणाचं जास्त होतं यावरून आपलं भांडण नक्की लागलं असतं. कब्रस्तानच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. एका बाजूला तुझी पोरं, जाड मानेची, फुटलेल्या कानांची, हमसून हमसून रडणारी. दुसऱ्या बाजूला माझी, क्लबचे ट्रॅकसूट घातलेली, हात मागे बांधून शिस्तीत उभी. खांदा द्यायला पुढे होताना माझी नजर आपोआप इकडून तिकडे फिरली आणि कुणाची जास्त हे मी चक्क बघायला लागलो. तू असतास तर कोपरानं ढोसून म्हणाला असतास, "बघ दत्त्या, तुझ्यावाल्यांना त्यांच्या आयांनी पाठवलंय. माझे आपल्या पायांनी आलेत." आणि मी चिडलो असतो, कारण ते खरंच होतं.

शेवटचं तोंड दाखवलं तेव्हा कापडाच्या कडेतून तुझा डावा कान दिसला, सुकलेल्या अंजिरासारखा. माझा हात माझ्या नाकाकडे गेला. हे नाक तू वाकवलेलं. भिंगारच्या मैदानात, लष्करातल्या हवालदारसाहेबांच्या हाताखाली आपण दोघं बॉक्सिंग शिकत होतो तेव्हा. मी तोंडापुढचा गार्ड खाली सोडला आणि तुझा उजवा ठोसा थेट आत आला. कटकन आवाज झाला, तो मला आधी ऐकू आला आणि मग दुखलं. रक्त इतकं आलं की हवालदारसाहेबांनी बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाले, "आता ह्याला अक्कल यील." तू मला सायकलवर डबलसीट घरी आणलंस आणि आईला सांगितलंस की विटेवर पडला. आई म्हणाली, "विटेनं तुझ्या मुठीला पन रक्त लावलं व्हय?" त्या दिवसापासून तू आमच्या घरी जेवायला लागलास.

त्या काळी बॉक्सिंगला काय पब्लिक होतं, रज्जाक! लष्करातल्या लोकांच्या कुस्त्या, आपलं, फाइटी असल्या की पोरं कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसायची. तूसुद्धा तेव्हा बॉक्सिंगसाठी जीव द्यायला तयार होतास. मग ती जिल्ह्याबाहेरची फाइट झाली. समोरच्याचं तोंड तू ओळखू न येण्यासारखं करून ठेवलं होतंस. एक डोळा बंद, ओठ फाटून लोंबत होता. आणि पंचांनी हात वर केला त्याचा. पॉइंटवर. नगरच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणालास, "दत्त्या, मला असा खेळ पायजे ज्यात निकाल समोर पडलेला दिसतो." मी म्हणालो, तसा तर अपघातातही दिसतो. तू हसला नाहीस.

पुढे तू एमएमए उचललंस. ठोसा, लाथ, गुडघा, पाडणं, पाडून वर बसणं, गळा आवळणं, सगळं चालतं असा खेळ. एमआयडीसीतलं पत्र्याचं गोडाऊन भाड्यानं घेतलंस, खाली मॅट टाकलीस, भोवती जाळी मारलीस. मी सावेडीत शाळेच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून बॉक्सिंगच शिकवत राहिलो. आणि मग रोज सकाळी चहाच्या टपरीवर आपली तीच कुस्ती. मी म्हणायचो, माझ्या खेळात सरकारी पदक आहे, क्रीडा कोट्यातून पोरांना नोकरी लागते. तू म्हणायचास, "लागू दे की. पन नोकरी बघायला तिकीट काढून कोन येतंय का?" मी म्हणायचो, पडलेल्या माणसाला मारणं हा खेळच नव्हे. आमच्यात माणूस पडला की पंच मधे येतो, वाकून त्याचे डोळे बघतो, आकडे मोजतो, तोवर दुसऱ्यानं कोपऱ्यात उभं राहायचं. तू म्हणायचास, "आणि आमच्यात नको झालं की मॅटवर हात थापटायचा, सुटला. तुमच्यात तेवढी तरी सोय हाय का?" मी छाती काढून सांगायचो, मला आयुष्यात कधी थापटायची वेळ आली नाही आणि येणार नाही.

तुझं खरं म्हणणं वेगळंच होतं आणि ते मला आतून पटायचं. तू म्हणायचास, हा तालमीचा मुलूख आहे. इथल्या पोराला धरल्याशिवाय भांडण झाल्यासारखं वाटतच नाही. बॉक्सिंगमध्ये जरा मिठी मारली की पंच सोडवतो. आपल्या लोकांला वाटतं, आता कुठं मजा यायची तर हा बाबा मधे कशाला कडमडला. एमएमएत ते धरू शकतात, पाडू शकतात, वर मोबाईलवर रोज बघायला मिळतं. "तुझा खेळ साहेबांचा, दत्त्या. माझा इथल्या मातीतला, निस्ता वरचा कपडा बदललाय." मी चहाचे पैसे न देता उठून जायचो. तेवढाच सूड.

आणि मग पाथर्डीकडच्या त्या गावची यात्रा. कमिटीवाल्यांनी ठरवलं की कुस्त्या झाल्यावर आखाड्यातच पोरांना काहीतरी नवीन दाखवायचं. एक फाइट माझी, एक तुझी. तू टाळ्या पिटल्यास. म्हणालास, "आज होऊनच जाऊ दे. पब्लिक सांगंल."

माझी आधी झाली. दोन्ही पोरं चांगली होती, पाय हलत होते, डाव्या हाताचे जॅब सुरेख पडत होते. पब्लिक पहिल्या राऊंडला गप्प, दुसऱ्याला कंटाळलेलं. पुढच्या रांगेतला एक फेटेवाला म्हातारा ओरडला, "आरं निस्तं हानत्यात, पाडत कोन न्हाई? धरा की रं!" तू माझ्याकडे बघून इतका हसलास की तुला खाली बसावं लागलं. मला तुझा गळा आवळावासा वाटला, आणि तोही तुझ्याच खेळातला डाव झाला असता.

मग तुझा अक्षय उतरला. त्याच गावाजवळच्या वस्तीवरचा, लहानपणापासून तालमीत वाढलेला, तुझा सगळ्यात लाडका चेला. समोर पुण्याकडून आलेला लाथा मारणारा पोरगा. अक्षयनं त्याच्या दोन लाथा मांडीवर झेलल्या, तिसरी धरली, आत शिरला आणि त्याला असा आपटला की धूळ उडाली. पाठ सपाट जमिनीला. हलगी कडाडली. आखं गाव उठलं. आणि अक्षयनं काय केलं? लहानपणापासून जे केलं तेच. सोडलं, उठला, दोन्ही हात वर केले, गावाकडे तोंड केलं. त्याच्या लेखी कुस्ती निकाली झाली होती. तू जाळीला, म्हणजे दोरीला लटकून बोंबलत होतास, "संपलं न्हाई! आरं संपलं न्हाई!" हलगीपुढे कुणाला ऐकू येणार?

मग पडलेल्याला हात द्यायला तो वळून वाकला, तर खालून टाच आली ती थेट तोंडावर. दात तुटल्याचा आवाज हलगीतही ऐकू आला. अक्षय गुडघ्यावर आला, तो पोरगा त्याच्या पाठीवर चढला आणि कोपरं मारत राहिला. भुवई फुटली, कान फुटला, मातीत रक्ताचा चिखल झाला. नियमानं सगळं बरोबर होतं. पण गावाला तुझे नियम कुठं माहीत? त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं की त्यांचा पोरगा जिंकलाय आणि पडलेला माणूस मागून मारतोय. "चितपट झाल्यावर मारतोय भाडखाव!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळी यात्रा आखाड्यात उतरली. त्या पुण्याच्या पोराला आपण दोघांनी मधे घेतलं. पाठीला पाठ लावून उभे राहिलो. माझ्याकडे जो येईल त्याला मी ठोसा देत होतो, तुझ्याकडे जो येईल त्याला तू धरून आडवा करत होतास. मला डोक्यात चप्पल बसली, तुझ्या खांद्यावर कुणीतरी हलगीच फोडली. टेम्पोत बसल्यावर तू फुटक्या ओठांनी हसत म्हणालास, "दत्त्या, खरं सांग. पब्लिक कुनाच्या फाइटला आत आलं?"

खूप वेळ हसलो आपण. अक्षय मात्र मागे फळीला टेकून तोंडातलं रक्त गिळत बसला होता. तू हसायचं थांबवलंस आणि त्याच्याजवळ जाऊन बसलास.

तिथून तुझा तो हट्ट सुरू झाला. पाठ टेकली म्हणजे संपलं नाही. गोडाऊनच्या छताच्या पत्र्यावर आतून मोठ्या अक्षरात लिहिलंस. तुझी सगळी पोरं तालमीतली, सगळ्यांना तीच खोड. पाठ लागली की हात ढिले. ती खोड मोडायला तू एक उद्योग काढलास. शिकवता शिकवता मधेच तू स्वतः पडायचास. डोळे मिटून मेल्यासारखा पडून राहायचास. पोरगं काळजीनं जवळ आलं, वाकलं, की त्याचा पाय धरून पिरगाळायचास. किंचाळेपर्यंत सोडायचा नाहीस. "कुनी सांगितलं जवळ यायला? पडलेल्याच्या जवळ दया घेऊन येशील तर दात हातात घेऊन जाशील." एकदा मी तिथे होतो तेव्हा अक्षयचाच घोटा सुजवलास. मी म्हणालो, हे चांगलं नाही रज्जाक, पोरांच्या मनातून माणूस जाईल. तू म्हणालास, "माणूस घरी ठिवायचा. हितं जित्तं राहायचं शिकायचं."

हे भांडण अर्धं राहिलं. पुढच्या रविवारी सकाळी तू मॅटवर अक्षयला पकड दाखवत होतास. मधेच तुझा चेहरा उतरला, म्हणे. छातीवर हात ठेवलास, खाली बसलास आणि पाठीवर पडलास.

कुणी जवळ गेलं नाही. तू शिकवलं होतंस तसंच.

अक्षय दोन पावलं मागे सरला, गार्ड वर घेतला आणि हसला. पोरं कडेला बसून टाळ्या वाजवत होती. एकानं मोबाईल काढला होता, तुमच्या गमतीचं रेकॉर्डिंग करायला. त्यात अक्षयचा आवाज आहे. "उठा वस्ताद, आता न्हाई फसत मी. लई वेळा फसवलं." तू उठला नाहीस. पोरं अजून हसतायत. तो तुझ्याभोवती फेऱ्या मारतोय, लांबूनच पायाच्या अंगठ्यानं तुझ्या तळव्याला डिवचतोय आणि पटकन मागे उडी मारतोय. मग हसू हळूहळू थांबतं. पुढचं मी पाहिलं नाही. पाहणारही नाही.

दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी शहाणा म्हणाला, "लगेच आणला असता तर वाचला असता." डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नव्हतं. ते म्हणाले, झटका एवढा मोठा होता की काही सांगता येत नाही. पण अक्षयच्या कानात पायरीवरचं वाक्य गेलं आणि तिथेच बसलं.

आणि तो व्हिडिओ सुटला. गावोगाव फिरला. तुझ्या आयुष्यातल्या कुठल्याही फाइटला मिळालं नाही एवढं पब्लिक तुझ्या मरणाला मिळालं रे. लोक अक्षयला काय काय म्हणतायत ते मी तुला सांगणार नाही. परवा आपल्याच टपरीवर एक जण मोबाईल उभा धरून बघत होता, आवाज मोठा करून. "उठा वस्ताद." शेजारच्याला दाखवून फिदीफिदी हसला. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि त्याला एक दिला. एकच, डाव्या हाताचा. तो बाकड्यावरून मागे गेला, दात ओठात रुतला. पॉइंटची भानगड नाही, निकाल समोर पडलेला. टपरीवाला म्हणाला, "दत्तासर, वय काय तुमचं!" मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही. तुझ्यानंतर मला बरं वाटलेला तो पहिला क्षण होता.

रज्जाक, माझ्याकडे एक मुद्दा आहे. इतक्या वर्षांत सापडला नव्हता असा. माझ्या रिंगमध्ये पडला असतास तर कुणीतरी लगेच वाकून तुझे डोळे बघितले असते. या एका मुद्द्यावर मी तुला कायमचा गप्प केला असता. आता तो सुचून काय उपयोग? रात्रंदिवस डोक्यात तोच घुमतो आणि तुला शिव्या द्याव्याशा वाटतात. काय गरज होती एवढं पक्कं शिकवायची? आणि मग आठवतं, तू नसतास तर मी इतकी वर्षं कुणाशी बोललो असतो, कुणावर चिडलो असतो, आणि रडायला येतं.

काल भाभीकडे गेलो. मला वाटलं, ती गोडाऊन बंद करायचं काढेल. ती म्हणाली, "दत्ताभाऊ, ह्यांचा वखत आला हुता, हे गेले. अल्लाची मर्जी. पन त्यो पोरगा तर जित्ता हाय ना? दारासमोर येतो, आत येत न्हाई. त्याची आई फोनवर रडती, म्हनती काय करून घेईल सांगता येत न्हाई. त्याला ह्यांच्या मागं जाऊ देऊ नका." मी म्हणालो, तो माझं कसं ऐकेल, मी तर बॉक्सिंगवाला. भाभी म्हणाली, "तुमी दोघं भांडून ऱ्हायले जन्मभर. म्हनून तुमचंच ऐकंल."

आज सकाळी एमआयडीसीत गेलो. गोडाऊनच्या मागून धप्प धप्प आवाज येत होता. अक्षय भिंतीला मारत होता. हातावर पट्टी नाही, काही नाही. विटांवर रक्ताचे ठसे, एकावर एक. बोटांच्या पेरांवरची कातडी गेली होती आणि आतलं पांढरं दिसत होतं. मी मागून त्याला मिठी मारून ओढला, तर त्यानं मला खांद्यावरून भिरकावून दिलं. "सर, जावा तुमी. हात लावू नका मला. म्या मारलं वस्तादांना."

मी त्याला समजावण्यात वेळ घालवला नाही. समजुतीचं बोलायला तुलाही येत नव्हतं, मलाही येत नाही. शटर वर केलं. बूट काढले. मॅटवर जाऊन तुझ्या जागेवर उताणा पडलो. आयुष्यभर मी पोरांना सांगितलं की बॉक्सरची पाठ जमिनीला लागू नये, आणि ह्या वयात मी तुझ्या मॅटवर पत्र्याकडे बघत पडलो होतो. पत्र्यावर तुझी अक्षरं होती. मी म्हणालो, "ये अक्षय. मार." आणि डोळे मिटले.

तो दारातच होता. बराच वेळ त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. माझा बेत साधा होता, तो जवळ आला की तुझ्यासारखा पाय धरायचा. पावलं आली. थांबली. पुन्हा आली. पण तो उभा राहिलाच नाही. गुडघ्यावर बसला आणि त्यानं माझ्या छातीवर कान ठेवला. त्याचे ओले हात माझ्या शर्टाला चिकटले. असा किती वेळ ऐकत राहिला कोण जाणे.

मला तसंच पडून राहावंसं वाटत होतं. पण तो तिथेच राहिला असता तर पुन्हा कधी उठला नसता. मी त्याची मान धरली आणि पिरगाळली, जमेल तशी, वेडीवाकडी. तो किंचाळला. "असं करू नका! सर, असं करू नका!" आणि मग तो फुटला. वर बसला आणि मारायला लागला. पहिला ठोसा नाकावर, तुझ्याच जागेवर. कटकन आवाज झाला. दुसरा गालफडावर, तिसरा कानावर. रडत होता, तुला शिव्या देत होता, मला देत होता, त्या यात्रेला, त्या मोबाईलला, आणि मारत होता. माझ्या तोंडात रक्त, त्याच्या फुटक्या हातांचं रक्त माझ्या डोळ्यांत. मी कोपरं वर धरली होती, पण तुझ्या खेळात खालून काय करायचं असतं ते मला कुठं येतंय? श्वास कोंडला. खरंच वाटलं, मी तुझ्याकडे येतोय.

मी थापटलं, रज्जाक. मॅटवर, उघड्या हातानं. आयुष्यात पहिल्यांदा.

पहिल्या थापेला तो थांबला. उचललेली मूठ तशीच वर राहिली. मग खाली वाकला, माझ्या तोंडावरचं रक्त बाहीनं पुसलं आणि विचारलं, "सर, श्वास चालू हाय ना?" मी म्हणालो, "चालूय. नाक गेलं फक्त." तो माझ्या शेजारी आडवा झाला. दोघंही उताणे पडून तुझा पत्रा बघत राहिलो.

दवाखान्यातून त्याचे हात आणि माझं नाक बांधून आलो तेव्हा तुझी बाकीची पोरं शटरपाशी जमली होती. अक्षयनं त्यांना आत घेतलं. तुझं पत्र्यावरचं वाक्य पुसू दिलं नाही त्यानं. पण मॅटवर एक नवा नियम केलाय. कुणी पडलं, सरावात असो की खरोखर, की दुसऱ्यानं आधी त्याचं नाव घेऊन हाक मारायची. उत्तर आलं तर पुढची मारामारी. माझ्या खेळातला पंच तुझ्या मॅटवर आला, आता म्हण काय म्हणायचं ते. बॉक्सिंगच भारी, हे माझं अजून कायम आहे.

नाकाला पट्टी आहे, नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. त्या रविवारी तुझ्यापर्यंत कुणी आलं नाही. मी सावेडीत पोरांना गार्ड वर ठेवायला शिकवत होतो. आता तुझ्या कबरीपाशी आलोय. वाकलोय. पाय धरलास तरी चालेल.

रज्जाक.

ए रज्जाक.